मुलगा वर्गात गप्प, मुलगी दारात रडते: परदेशातलं पहिलं वर्ष कसं काढायचं

प्रश्न अमळनेरकडच्या एका ताईंचा आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे ऑगस्टमध्ये त्या दोन मुलांना घेऊन जर्मनीत स्टुटगार्टजवळ आल्या. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत घातलाय, चार महिने झाले तरी वर्गात एक शब्द बोलत नाही. मुलगी तीनची, तिला किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत सोडताना रोज रडारड. नवरा म्हणतो घरात आता मराठी बंद करू, इंग्लिश-जर्मनच बोलू म्हणजे पोरं पटकन शिकतील. तिकडे अमळनेरला सासू-सासरे नाराज, कारण नातू फोनवर आला की नुसता बघत बसतो. शेवटी ताईंनी विचारलंय, आमचं चुकलं का, परत यावं का.

ताई, मी मूळची चोपड्याची आणि इथे किटात शिक्षिका म्हणून बरीच वर्षं काम करतेय, जळगाव-धुळ्याकडून आलेली खूप कुटुंबं जवळून बघितलीत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. आधी मुलाचं सांगते कारण तुमचा जीव तिथेच अडकलाय.

नवीन भाषेत टाकलेलं मूल आधी गप्प होतं. काही आठवडे, कधी काही महिने, शांत स्वभावाच्या मुलाला तर जास्तच. पण गप्प आहे म्हणजे शिकत नाही असं नाही हो, तो ऐकतोय, कोण काय म्हणालं की बाकीची मुलं काय करतात हे बघतोय, सगळं आत साठवतोय. तुम्ही हे बघा की बाई "पुस्तक काढा" म्हणाल्या की तो काढतो का, सुट्टीत कोणाच्या मागेमागे पळतो का, घरी आल्यावर खेळताना स्वतःशी काही जर्मन शब्द पुटपुटतो का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरात तुमच्याशी, बहिणीशी पहिल्यासारखी बडबड करतो का. घरात बडबड चालू असेल तर मला चार महिन्यांच्या गप्प बसण्याची फार काळजी वाटत नाही. फक्त त्याला रोज दारातच "आज बोललास का रे?" विचारू नका. रोज तेच विचारलं की त्याला वाटतं आपण रोज नापास होतोय. त्यापेक्षा "आज डब्यातलं काय आधी खाल्लं" एवढं विचारा, सुरू होईल.

शाळेत एक गोष्ट नक्की विचारा, तुमच्या राज्यात नवीन आलेल्या मुलांसाठी फोरबेराइटुंग्सक्लासे असतो, म्हणजे जर्मन शिकवणारा तयारी वर्ग. प्रत्येक शाळेत नसतो पण जवळच्या शाळेत असू शकतो, किंवा नेहमीच्या वर्गात बसवून जर्मनचे जादा तास देतात. मुलाला त्यातलं नक्की काय मिळतंय हे बाईंना स्पष्ट विचारा, विचारलं तर इथे कोणी वाईट मानत नाही, उलट पालक लक्ष देतात असंच समजतात. आणि भाषेला किती वेळ लागतो याचा अंदाज असू द्या. कॅनडातले जिम कमिन्स यांनी यावर बरंच काम केलंय, त्यांचं म्हणणं असं की खेळण्या-बोलण्यापुरती भाषा साधारण दोनेक वर्षांत येते, पण धडा वाचून समजणं, गणिताचं शाब्दिक उदाहरण सोडवणं, निबंध लिहिणं, त्या अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला 5 ते 7 वर्षं लागतात. त्यामुळे चार महिन्यांत निकाल लावू नका, आणि दोन वर्षांनी तो फाडफाड बोलायला लागला की झालं सगळं असंही समजू नका, तिसरीत-चौथीत मदत लागेलच, कारण इथे चौथीनंतर पुढची शाळा कुठली हे ठरतं.

आता घरातल्या भाषेचं. दादांना माझ्याकडून सांगा की मराठी बंद करू नका. आणि अहिराणी पण बंद करू नका! जर्मन शिकवायचं काम शाळा, किटा, गल्लीतली मुलं करणार आहेत आणि ते तुमच्यापेक्षा चांगलं करणार आहेत. घरात तुम्ही स्वतः नुकती शिकलेली मोडकीतोडकी जर्मन बोलायला लागलात तर मुलाला जर्मनही नीट मिळणार नाही आणि आईबापाशी मनातलं बोलायची जी एक भाषा होती ती पण जाईल. राग आला, पोट दुखलं, कोणी चिडवलं, हे सहा वर्षांचं पोरगं कुठल्या भाषेत सांगणार? आपल्याच ना. आईच्या भाषेत गोष्टी ऐकलेलं, भांडलेलं, प्रश्न विचारलेलं मूल दुसरी भाषा त्याच पायावर शिकतं, किटात हे मी सारखं बघते, घरात नीट बोललं जातं ती मुलं जर्मनमध्ये पण लांब वाक्यं लवकर जोडतात. तुमचा मुलगा तर आजीशी अहिराणी, तुमच्याशी मराठी, टीव्हीवर हिंदी असा तीन भाषांत वाढलाय, त्याला भाषा बदलणं नवीन नाही.

आणि ते सासू-सासऱ्यांच्या फोनचं. घड्याळ आधी बघा, हिवाळ्यात इथे आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आणि उन्हाळ्यात साडेतीन तास. तुम्ही संध्याकाळी सगळं आवरून सात-साडेसातला फोन लावता तेव्हा तिकडे बारा वाजत आलेले असतात, म्हातारी माणसं झोपेतून उठून बसलेली आणि इकडे पोरं पेंगुळलेली, कोण कोणाशी काय बोलणार. दुपारी दोनला लावा, अमळनेरला साडेसहा वाजलेले असतात, आजी दिवाबत्ती करून स्वयंपाकाला लागलेली असते. मग तिला सांगा की मोबाइल ओट्यावर डब्याला टेकवून ठेव आणि भाकरी थाप, बस. "बोल ना रे, जर्मन बोलून दाखव, आम्हाला विसरला का" हे नको, त्याने मूल अजून आक्रसतं. आजी भाकरी थापतेय, मधेच "काय करी ऱ्हायना भाऊ?" म्हणतेय, इकडे नातू गाडी खेळत बसलाय, दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही तरी चालतं. आजोबांना म्हणा शेतातून फोन करा, हरभरा दाखवा, विहिरीची मोटर चालू करून पाणी दाखवा. काहीतरी होताना दिसलं की मूल आपोआप प्रश्न विचारतं. सासूबाईंना पण वाटतं की नातू माझ्याजवळ बसलाय, आणि खरं सांगू का, त्यांचं दुःख पण खरं आहे, भरल्या घरातून दोन लेकरं उठून गेलीत, त्यांच्या नाराजीवर चिडू नका.

मुलीचं बघू. इथे किटात सोडायची एक ठरलेली पद्धत असते, आइनगेव्हनुंग म्हणतात, मुलाला सवय लावायचा काळ. बऱ्याच ठिकाणी बर्लिन मॉडेल वापरतात, त्यात पहिले तीन दिवस आई किंवा बाबा खोलीतच बसतात, मुलाला सोडायचंच नाही, आणि चौथ्या दिवशी पहिल्यांदा थोडा वेळ, फार तर अर्धा तास, बाहेर जाऊन बघायचं. मूल बाईंकडून शांत झालं तर वेळ हळूहळू वाढवायची, नाही झालं तर परत काही दिवस सोबत. काही मुलांचं आठवड्यात होतं, काहींना तीन-चार आठवडे लागतात. तुमच्याकडे हे घाईत उरकलं का ते मला माहीत नाही, पण जर ती आत गेल्यावरही खूप वेळ रडत असेल तर बिनधास्त सांगा की आम्हाला काही दिवस परत सोबत बसायचंय. आणि दारात रडून पाच मिनिटांत खेळायला लागत असेल (बाईंना विचारा, खरं सांगतात) तर ते निरोपाचं रडणं आहे, ते चालायचंच. निरोप मात्र रोज सारखा आणि छोटा ठेवा, एक पापा, "जेवण झालं की येते" आणि निघा. चोरून पळून जायचं नाही, आपल्याकडे सर्रास करतात तसं, त्याने दुसऱ्या दिवशी मूल डबल चिकटतं.

पण तिच्या रडण्यामागे भाषेपेक्षा दुसरंच काही असू शकतं, ते मी रोज बघते म्हणून सांगते. आपल्याकडून आलेलं तीन वर्षांचं लेकरू जेवायच्या टेबलावर बसतं, समोर बटाटे, गाजर, काटा-चमचा, शेजारची दोन वर्षांची जर्मन पोर स्वतः वाढून घेऊन तोंड माखून खातेय, आणि आपलं लेकरू हात मांडीवर ठेवून तोंड उघडून माझ्याकडे बघत बसतं, कोण घास भरवेल म्हणून. भूक लागलेली असते, मागता येत नाही, भरवायला कोणी येत नाही. मग जॅकेट घालायची वेळ होते, सगळी मुलं धडाधड घालून अंगणात पळतात, हे एकटं उभं. दिवसातून पाच वेळा असं झालं की कोणाला किटात जावंसं वाटेल? आपल्याकडे आजी, काकू, आत्या सगळ्यांनी मिळून भरवलेलं लाडाचं लेकरू असतं, त्यात वाईट काहीच नाही, फक्त इथे ते कामाला येत नाही. म्हणून घरी महिनाभर एवढंच करा, वरण-भात तिच्या हाताने खाऊ द्या, सांडू द्या, मोबाइल न लावता. पाण्याचा ग्लास, चपला, संडासला जाऊन आल्यावर चड्डी वर करणं हे तिचं तिला करू द्या. जॅकेटची इथली युक्ती शिकवा, जॅकेट जमिनीवर उघडं पसरायचं, टोपीची बाजू तिच्या पायांकडे, वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि सगळं डोक्यावरून मागे टाकायचं, जॅकेट अंगात! मुलांना ही गंमत फार आवडते. आणि बाईंना चार-पाच मराठी शब्द कागदावर जर्मन अक्षरांत लिहून द्या, पाणी, शू, भूक, दुखतंय, आई येणार आहे. आम्ही ते कपाटाला चिकटवून ठेवतो, खरंच उपयोग होतो. डब्यात पोळीचा रोल, काकडी, सफरचंद चालतं, चॉकलेट-बिस्किटं बहुतेक किटात चालत नाहीत. शाकाहारी असाल तर लेखी कळवून ठेवा.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. ताई, तुमच्या अख्ख्या प्रश्नात मुलगा आहे, मुलगी आहे, नवरा, सासू-सासरे आहेत, तुम्ही स्वतः कुठेच नाही. इतक्या घरांत बघून माझं ठाम मत झालंय की लहान मुलं परदेशात रुळतात ती आईबापाच्या पाठोपाठ, आणि दिवसभर जो घरात असतो त्याच्या तर फारच. आई दुकानात बोलायला घाबरते, बेल वाजली की दार उघडत नाही, शाळेच्या गेटवर बाजूला उभी राहते, हे मूल बघतं आणि ठरवतं की ही जागा धोक्याची आहे. तीच आई शेजारणीला हसून "हालो" म्हणाली की मुलाचे खांदे खाली येतात. म्हणून मुलाच्या जर्मनच्या आधी तुमची जर्मन. फोल्क्सहोखशुले नावाची सरकारी मदतीवर चालणारी संस्था जवळपास प्रत्येक गावात आहे, तिथे भाषेचे वर्ग असतात. इंटिग्रेशन कोर्स पण असतो, नेहमीचा म्हणजे 600 तास भाषा आणि 100 तास इथली माहिती, तुम्हाला तो मिळू शकतो का हे परदेशी नागरिकांच्या ऑफिसात विचारा. मुलगी किटात रुळली की सकाळचा वेळ धुणंभांडी, व्हॉट्सॲपमध्ये घालवू नका, वर्गात जाऊन बसा.

दादांना पण सांगायचंय थोडं. तुमचं ऑफिस इंग्लिशमध्ये चालतं, सोबत दहा माणसं आहेत, तुमचा दिवस भरलेला असतो, वहिनी मात्र संध्याकाळपर्यंत एका मोठ्या माणसाशी बोललेली नसते. गावाकडे ती दिवसात वीस जणींशी बोलत होती, भाजीवाली, जाऊबाई, शेजारीण. तेव्हा आठवड्यातून दोन दिवस किटात सोडायला तुम्ही जा, शाळेच्या पालकसभेला, एल्टर्नआबेंडला, दोघं आळीपाळीने जा. मूल आजारी पडलं की प्रत्येक वेळी आईनेच घरी थांबायला हवं असं नाही, ती नोकरी किंवा कोर्स करत असेल तर सरकारी हेल्थ इन्शुरन्स असलेल्या आईबापांना 2024 पासून एका मुलामागे प्रत्येकी वर्षाला 15 दिवस मिळतात, बाप पण घेऊ शकतो. आणि पहिल्या हिवाळ्यात ते दिवस लागतात, किटात नवीन मूल सारखं सर्दी-खोकल्याने आजारी पडतं, तुमच्या मुलीत काही कमी आहे असं नाही.

मैत्रिणी कुठे मिळतात विचाराल तर मराठी मंडळ आहेच, गणपतीला जा, पण फक्त तिथेच अडकू नका. इथे जवळपास प्रत्येक गावात श्पोर्टफेराइन, म्हणजे खेळांचा क्लब असतो, त्यात लहान मुलांचं आईबाबांसोबतचं व्यायाम-खेळाचं सेशन असतं, फी अगदी कमी, भाषा फारशी लागत नाही, आणि दर आठवड्याला तीच माणसं भेटतात. तीच तीच माणसं भेटणं महत्त्वाचं, ओळख त्यानेच होते. गावची लायब्ररी पण, मुलांना बहुतेक ठिकाणी फुकट असते. मुलाच्या वर्गातला एकच मुलगा घरी खेळायला बोलवा, दहा नको, एक. दोन तास लेगो आणि वरून साधी खिचडी-पापड किंवा जळगावचे केळीचे वेफर्स, वेफर्स तर इथल्या पोरांना भयंकर आवडतात! वर्गातली बरीच गप्प मुलं पहिल्यांदा अशाच दुपारी स्वतःच्या घरात जर्मन बोललेली मी ऐकलीत. पोहणं पण शिकवा, इथल्या बऱ्याच शाळकरी मुलांना येतं, पहिला बिल्ला झेपफेर्डशेन म्हणजे 25 मीटर पोहणं, वर्गांना वेटिंग असतं, आत्ताच नाव घाला.

थोडं किरकोळ. मुलांचं लसीकरणाचं कार्ड, ते माता-बाल संरक्षण कार्ड असेल तरी, गोवराचे दोन्ही डोस तारखेसकट आहेत ना बघा, 2020 पासूनच्या कायद्यामुळे किटा आणि शाळा ते मागतातच. हाताच्या दंडावर बीसीजीचा वण आहे हे डॉक्टरला सांगा, इथे ती लस आता देत नाहीत आणि टीबीची त्वचेवरची टेस्ट केली तर त्यामुळे घोळ होऊ शकतो. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार होण्याइतका जोर नसतो, आपल्या गव्हाळ-सावळ्या मुलांचं त्याबद्दल डॉक्टरशी बोला, स्वतःचं पण. रात्री-बेरात्री डॉक्टर हवा पण जिवावरचं नाही अशा दुखण्याला 116117, जिवावरचं असेल तर 112. पावसात मुलांना घरात कोंडू नका, रबरी पँट आणि बूट घाला आणि रोज बाहेर काढा, पोटभर पळालेलं मूल रात्री रडत नाही.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक आईला सांगते. धपाटा नाही. एक पण नाही, घरात पण नाही. 2000 सालापासून इथे मुलाला मारहाणीशिवाय वाढायचा कायद्याने हक्क आहे. युगेंडआम्ट, म्हणजे इथलं बालकल्याण ऑफिस, मुलं उचलून नेतं अशी जी आपल्या लोकांत भीती आहे ती फार वाढवून सांगितलेली आहे, त्यांचं बरंचसं काम सल्ला आणि मदतीचं असतं, पण धपाटा टाळायचा तो कायद्याच्या भीतीने नाही, नव्या देशात बावरलेल्या लेकराला घर एवढंच एक सुरक्षित ठिकाण उरलंय म्हणून.

काळजी कधी करायची ते पण सांगते. मुलगा घरात पण बोलेनासा झाला, आधी येत असलेलं मराठी विसरायला लागला, जेवण-झोप बिघडून आठवडेच्या आठवडे गेले, सूचना हावभाव करून सांगितल्या तरी कळत नाहीत असं वाटलं, किंवा उन्हाळ्यापर्यंत वर्गात अजिबातच आवाज फुटला नाही, तर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांकडे जा, ते पुढे योग्य ठिकाणी पाठवतात. जाताना घरात खेळताना तो कसा बोलतो याचा पाच मिनिटांचा व्हिडिओ घेऊन जा, डॉक्टरसमोर तो गप्पच बसणार. चड्डीत शू होणं, अंगठा चोखणं, परत "भरव" म्हणणं हे काही आठवडे चालतं, त्यावर ओरडू नका.

परत यावं का, हा शेवटचा प्रश्न. जानेवारीत हे ठरवू नका. साडेचार-पाचला अंधार पडायला लागतो, थंडी, पोरं आजारी, या दिवसांत इथली जन्मलेली माणसंसुद्धा उदास असतात. तुमच्या राज्यात उन्हाळी सुट्टी जुलैच्या शेवटापासून साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायला मिळणार नाही हे खरं, तेव्हा शाळा चालू असते आणि इथे शाळा बुडवून गावी जाता येत नाही, दंड होतो, झोका आणि गौराईची गाणी यंदा घरातच करा. पण ही मोठी सुट्टी बहुतेक वर्षी श्रावणाला धरून येते, म्हणजे कानबाई, आपला खानदेशातला देवीचा सण, सापडू शकते. तिकिटं काढताना नागपंचमीनंतरचा रविवार बघून काढा. सगळे भाऊबंद जमलेले, रोटांचा स्वयंपाक, रात्रभर जागरण, आठ-दहा चुलतभावंडं अंगणात, तिथे नातवाला कोणी बोल म्हणायची गरज पडणार नाही. दोन-तीन आठवडे राहा, आजीजवळ झोपू द्या. परत इथे आलात की ऑक्टोबरपर्यंत थांबा, मग तुम्ही आणि दादा दोघं शांतपणे बसा आणि ठरवा. तेव्हाही मन नाही म्हणालं तर या परत, अमळनेर-जळगावच्या शाळेत दुसरी-तिसरीत मूल सहज बसतं, त्याचं मराठी तुम्ही घरात चालू ठेवलं असेल तर.